किट स्पोर्ट्‌स कार, लाल धूळ आणि दीड बादली पाणी

साखळीकर | ८ एप्रिल, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. जरा सविस्तर लिहितो, कारण अर्धवट सांगितलं की सल्लाही अर्धवटच मिळतो.

माझ्याकडे घरी जोडलेली किट कार आहे, लोटस सेव्हन या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्‌स कारच्या वळणाची. दोन सीट, दारं नाहीत, छप्पर नाही, पुढची चाकं अंगाबाहेर. लोखंडी नळ्यांचा सांगाडा, त्यावर पॉप रिव्हेटनी बसवलेले अ‍ॅल्युमिनियमचे पत्रे. नाक आणि चारही मडगार्ड फायबरचे. चुलतभाऊ आणि मी, दोघांनी जवळजवळ दोन वर्षं सगळे रविवार घालून ती उभी केली. रंग लाल. (नोंदणी-कागदपत्रांवर इथे वेगळा धागा आहे, ती चर्चा तिकडेच ठेवूया.)

अडचण अशी. घर रस्त्याला लागून. खनिजाचे ट्रक, चिऱ्यांचे ट्रक, त्यात सध्या रस्त्याचं खोदकाम. शेडमध्ये कापड घालून ठेवली तरी दोन दिवसांत बोटाने नाव लिहिता येईल इतकी लाल धूळ बसते. नळाला सकाळी तासभर पाणी येतं, तेही बारीक. बांयचा, म्हणजे विहिरीचा, तळ दिसायला लागलाय. आई भाज्या धुतलेलं पाणीसुद्धा माडाच्या मुळात नेऊन ओतते. अशा घरात पाइप लावून गाडी धुणं मला पटत नाही.

म्हणून मागच्या रविवारी पिवळ्या फडक्याने कोरडीच पुसली. संध्याकाळी तिरकं ऊन बॉनेटवर पडलं आणि कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल गोल चरे दिसले. दोन वर्षांच्या कामावर माझ्याच हाताने ओरखडे पडले, याचं फार वाईट वाटलं.

विचारायचं ते असं: कमीत कमी पाण्यात, चरे न पाडता साफ कशी करायची? अशा उघड्या गाडीत पाणी कुठे जाऊ द्यायचं नाही? आणि तिसरं, पुसताना फडक्यावर लाल येतं. माती लाल, गाडीही लाल. तो लाल मातीचा की गाडीचा, हे ओळखायचं कसं?

म्हादईकाठ | ८ एप्रिल, रात्री ११:०५

दादा, चरे बघून खचू नका. वरच्या थरातले असतील तर पॉलिशने बरेचसे जातात. पण आधी ते का पडले ते सांगते, म्हणजे पुन्हा पडणार नाहीत.

आपल्याकडच्या लाल धुळीत लोहाचे ऑक्साइड आणि बारीक वाळू असते. खनिजांचा कठीणपणा मोजायच्या मोह्‌स पट्टीवर हेमटाइट (म्हणजे तेच लोहाचं ऑक्साइड) साधारण ५.५ ते ६.५ आणि वाळूतलं क्वार्ट्‌झ ७. खिडकीची काच त्या पट्टीवर साडेपाचच्या आसपास येते. म्हणजे काचेवर ओढली तर काच खरवडेल अशी ही धूळ. रंगावरचा पारदर्शक लॅकरचा थर असतो साधारण ४० ते ५० मायक्रॉन, डोक्याच्या केसाहूनही पातळ. कोरडं फडकं फिरवलं की ते कण फडक्याखाली अडकतात आणि हाताच्या दाबाने गोल गोल फिरतात. तुमचा हात गोल फिरला, चरेही गोल पडले.

तेव्हा पाणी किती वापरायचं याआधी कण पृष्ठभागावरून सुटा कसा करायचा हे बघायचं. त्यासाठी रिन्सलेस वॉश नावाचं द्रव मिळतं. ऑप्टिमम नो रिन्स हे त्यातलं जुनं आणि माहितीतलं नाव, आता इतर कंपन्यांचीही मिळतात. शॅम्पूसारखा फेस येत नाही आणि नंतर पाण्याने धुऊन काढावंही लागत नाही. त्यातले पॉलिमर कणाभोवती बसतात, कण आणि रंग यांच्यामध्ये निसरडा थर राहतो. मी वाळपईत चार वर्षं माझी गाडी आणि भावाची जीप अशीच साफ करते.

माझी रीत अशी. ऑप्टिममचं प्रमाण १ ला २५६ आहे, म्हणजे १० लिटर पाण्यात साधारण ४० मिलि. दुसऱ्या कंपनीचं असेल तर तिच्या बाटलीवरचं प्रमाण पाळा. जास्त घातलं तर जास्त साफ होत नाही, उलट ओघळांचे डाग राहतात. एक लिटरचा हातपंपाचा फवारा त्याच पाण्याने भरा. बादलीत मायक्रोफायबरचे सात-आठ टॉवेल बुडवून ठेवा, ३०० ते ४०० जीएसएमचे (म्हणजे चौरस मीटरला तेवढे ग्रॅम वजनाचे). प्रत्येक टॉवेलची दोनदा घडी घाला, म्हणजे एका टॉवेलच्या आठ स्वच्छ बाजू मिळतात.

आधी एका पत्र्यावर फवारा मारा आणि एक-दोन मिनिटं थांबा. हे थांबणं लोक टाळतात आणि तिथेच चरे पडतात. धूळ भिजून गडद दिसली पाहिजे. मग टॉवेल अलगद ठेवून एकाच दिशेने सरळ ओढा. दाबायचं नाही, फक्त टॉवेलचं स्वतःचं वजन. हातभर ओढलं की बाजू बदला. आठही बाजू झाल्या की तो टॉवेल कोपऱ्यातल्या टोपलीत टाका. एकदा वापरलेला टॉवेल पुन्हा बादलीत बुडवायचा नाही. बादलीतलं पाणी शेवटपर्यंत स्वच्छ राहिलं तर तुमचं काम बरोबर झालं. मग दुसऱ्या कोरड्या टॉवेलने टिपून घ्या.

वरून खाली या. मडगार्डच्या खालच्या कडा आणि चाकं सगळ्यात शेवटी, आणि त्यांचे टॉवेल कायमचे वेगळे. सकाळी साडेसहाला सुरू करा. पत्रा हाताला गार लागला पाहिजे, गरम पत्र्यावर द्रव सुकून डाग बसतो.

बाजारात वॉटरलेस म्हणून स्प्रे मिळतात, नुसतं मारायचं आणि पुसायचं. ते अगदी पातळ धुळीला ठीक. बोट फिरवल्यावर कचकच लागली तर त्याच्या वाटेला जाऊ नका. तुमच्या धुळीला ते चालणार नाही.

खलाशी | ९ एप्रिल, सकाळी ६:२०

म्हादईकाठ बाय, छान लिहिलंत. मी वास्कोचा, फायबरच्या होड्या बांधण्यात २२ वर्षं गेली. फायबरच्या भागाबद्दल बोलतो.

साखळीकर बाब, आधी हे बघा की नाक आणि मडगार्डला रंग मारलाय की साच्यातूनच लाल निघालेत. मागच्या बाजूने, न पॉलिश केलेल्या अंगाने कडेजवळ बघा. साच्यातून रंगासकट निघालं असेल तर ते जेलकोट. जेलकोट म्हणजे रंगद्रव्य घातलेलं पॉलिस्टरचं रेझिन, साधारण अर्ध्या मिलिमीटरचा थर. रंगाच्या मानाने चांगला जाड, म्हणून चरे काढायला वाव जास्त. पण त्याच्यावर संरक्षणाचा वेगळा थर नसतो. ऊन थेट त्याच्यावरच पडतं. काही वर्षांनी वरचं रेझिन मरतं, रंगद्रव्य सुटं पडतं, आणि हात लावला की खडूसारखं बोटाला येतं. लाल रंगाला हे लवकर दिसतं. होडीवाल्यांना विचारा, लाल होडी तीन-चार उन्हाळ्यांत गुलाबी होते.

आता तुमचा तिसरा प्रश्न. एक जागा, समजा नाकाचा वरचा भाग, म्हादईकाठ बायंच्या रीतीने दोनदा साफ करा, दोन्ही वेळा नवा टॉवेल. तिसऱ्यांदा पांढऱ्या सुती कपड्यावर थोडं पॉलिश घेऊन तीच जागा चोळा. अजूनही लाल येतं? मग तो जेलकोट. दुसरी खूण: पहिला टॉवेल काचेच्या पेल्यात पिळा आणि तासभर ठेवा. माती खाली बसते, पाणी वरून निवळतं, आणि गाळ बोटात चोळला की खरखरतो. जेलकोटचा रंग फार बारीक असतो, पाणी बराच वेळ गढूळ गुलाबी राहतं, बोटाला काही लागत नाही.

तो जेलकोट निघाला तर घाबरू नका. एकदा नीट पॉलिश करून वॅक्स चढवलं की थांबतं. मग वर्षातून दोनदा वॅक्स, एकदा पावसाआधी, एकदा दिवाळीनंतर.

आणि एक गोष्ट कळकळीने सांगतो. डाग निघत नाही म्हणून कुणी अ‍ॅसिटोन किंवा थिनर लावायला सांगेल. लावू नका. जेलकोटची चकाकी जाते, रंग केलेला असेल तर रंगच उठतो. समोरची काच खरी काच नसून अ‍ॅक्रिलिक असेल, अशा गाड्यांना बऱ्याचदा असते, तर तिच्यावर घरातला अमोनियावाला काच पुसायचा स्प्रे किंवा स्पिरिटही नको. आत केसासारख्या बारीक भेगा पडतात, आणि त्या कुठल्याच पॉलिशने जात नाहीत.

फोंड्याचं गॅरेज | ९ एप्रिल, दुपारी १:३०

मी चरे-चकाकीचं बोलत नाही, त्यात वरचे दोघे माझ्यापेक्षा जाणकार. मी तुमच्या दुसऱ्या प्रश्नावर येतो, कारण त्यात माणसाला इजा होऊ शकते.

फॅक्टरीत बनलेल्या गाडीला पाण्याच्या धारेखाली, पावसाखाली तपासून बाजारात आणतात. किट कारचं वायरिंग तुम्ही केलंय. फ्यूज बॉक्स कुठे, रिले कुठे, कुठला जोड नुसत्या टेपने बांधलाय, हे फक्त तुम्हालाच माहीत. तेव्हा सुरुवात बॅटरीपासून. कटऑफ स्विच असेल तर बंद करा, नसेल तर निगेटिव्ह तार काढा.

इंजिन पूर्ण गार झाल्याशिवाय जवळ जाऊ नका. अशा गाड्यांचा सायलेन्सर बहुतेक वेळा बाहेरच्या बाजूने, सीटच्या उंचीला जातो. टॉवेल घेऊन वाकलात की पोटरी किंवा कोपर थेट त्यावर टेकतो. चालवून आल्यावर कमीत कमी एक तास.

एअर फिल्टर उघडा असेल तर त्यावर प्लास्टिकची पिशवी बांधा. पिशवीला लाल चिंधी बांधा आणि चावी त्याच चिंधीला अडकवा. पिशवी काढल्याशिवाय चावी हातात येणार नाही अशी सोय हवी. इंजिनच्या खोलीत फवारा नकोच. रंगाचा जुना ब्रश ओलसर करून झाडा आणि फडक्याने टिपा, त्याला लोटाभर पाणी पुरतं.

प्रेशर वॉशर कुणी फुकट वापरायला दिला तरी घेऊ नका. सस्पेन्शनचे हात उघडे, त्यांच्या टोकाला गोळ्याचे जोड, बऱ्याच वेळा त्यांना रबरी टोपणही नसतं. जोराची धार ग्रीस काढते आणि त्याच्या जागी लाल माती आत ढकलते. सहा महिन्यांत खडखड सुरू. चाकांच्या बेअरिंगचंही तेच.

ब्रेकची धूळ कोरडी झटकू नका, हवेने उडवू नका. जुन्या पॅडमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, आणि नसलं तरी ती धूळ छातीत जायच्या लायकीची नाही. ओल्या फडक्याने पुसा, ते फडकं पिशवीत बांधून टाकून द्या. डिस्कवर वॅक्स, सिलिकॉन, टायरचं पॉलिश, यातला थेंबही जाता कामा नये. सहाशे किलोच्या आतबाहेरची गाडी आहे म्हणून ब्रेकला हलक्यात घेऊ नका.

खाली शिरायचं असेल तर जॅकवर नाही, स्टँडवर. आणि सगळं झाल्यावर अंगणातच दहा-पंधरा मीटर चालवून दोन-तीनदा ब्रेक दाबून बघा, मगच रस्त्यावर.

डिझेलने किंवा पेट्रोलने इंजिन पुसायची सवय आपल्या भागात अजून आहे. बंद शेडमध्ये तर अजिबात करू नका.

साखळीकर | ९ एप्रिल, रात्री ८:१५

तिघांचेही मनापासून आभार. देव बरें करूं. वायरिंगचं वाचून लगेच शेडमध्ये गेलो. डाव्या पायाशी रिलेचा एक जोड खरोखरच नुसत्या टेपवर होता. आज हीट-श्रिंक नळी (गरम केली की तारेवर आवळून बसते ती) लावली.

एक शंका. घरी आजोबांच्या कुळागरातला (पोफळीच्या बागेतला) पाठीवरचा फवारणी पंप आहे, १६ लिटरचा. धार बारीक आणि हळू येते. तो वापरला तर पाणीही कमी लागेल असं वाटतंय. शिवाय गेल्या महिन्यात मांद्रे-हरमलच्या समुद्रकिनाऱ्यावर जाऊन आलो, तेव्हापासून खालचा भाग धुतलेला नाही. तिथे पंप चालेल का?

कुळागर | ९ एप्रिल, रात्री ९:०२

थांबा! त्या पंपातून पोफळींना बोर्डो मारलेलं आहे का? पावसात कोळेरोगासाठी प्रत्येक कुळागरात मारतात, तेव्हा बहुधा हो.

बोर्डो म्हणजे मोरचूद आणि चुना. मोरचुदात तांबं. तांब्याचा अंश असलेलं पाणी अ‍ॅल्युमिनियमवर पडलं की तांबं पत्र्यावर बसतं, त्याच्याभोवती अ‍ॅल्युमिनियम खाल्लं जातं आणि सुईच्या टोकाएवढे खड्डे पडतात. पंप कितीही विसळला तरी टाकीच्या तळाला, नळीत, नोझलला अंश राहतोच. आमच्याकडे अशा पंपाजवळ ठेवलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या बादलीची काय गत झाली ते मी पाहिलंय. शिवाय त्यातून आणखी कुठली औषधं मारली असतील कोण जाणे, तो फवारा तुमच्या नाकातोंडात जाणार.

नवा ५ लिटरचा हातपंप घ्या आणि त्यावर तेलरंगाने "गाडी" असं लिहून ठेवा, म्हणजे घरातलं दुसरं कुणी त्यात औषध घालणार नाही.

किनारा | १० एप्रिल, सकाळी ७:४५

मी मोरजीत राहतो, किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर. आतापर्यंतची चर्चा वाचली आणि एका बाबतीत माझा ठाम विरोध आहे. "कमी पाणी" हे सगळीकडे लावू नका.

धूळ पुसून जाते, मीठ जात नाही. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं. लाटांचा तुषार हवेतून सांगाड्याच्या नळ्यांवर, पत्रा आणि नळी यांच्या फटीत, रिव्हेटच्या डोक्यामागे जाऊन बसतो. तिथे कुठलाच टॉवेल पोचत नाही. शिवाय हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलंच पाणी ओढून घेतं आणि ओलं होतं. गोव्यात ही स्थिती पावसाळ्यात सततची, एरवीही पहाटे बहुतेक वेळा असतेच. गाडी शेडमध्ये कोरडी उभी आहे असं आपल्याला वाटतं, आणि फटीत रोज पहाटे खारं पाणी तयार होत असतं. त्यात लोखंडाला चिकटून अ‍ॅल्युमिनियम. दोन वेगळे धातू आणि मध्ये खारं पाणी म्हणजे बॅटरीच झाली. त्यात अ‍ॅल्युमिनियम खर्ची पडतं.

माझ्या आधीच्या जुन्या गाडीचं बॉनेट आरशासारखं होतं. खालचा तळ मात्र हाताने सोलून निघाला. मी वर्षानुवर्षं वरचं चमकवत बसलो आणि खाली एक तांब्या पाणी घातलं नाही. किनाऱ्यावर गाडी नेली तर परतल्यावर त्याच आठवड्यात खालून गोड्या पाण्याने धुतलीच पाहिजे. तुम्ही महिना घालवलाय. आजच धुवा.

म्हादईकाठ | १० एप्रिल, सकाळी १०:१०

किनारा, तुमचं म्हणणं मान्य. मी डोंगराकडची, मिठाचा विचार माझ्या मनात आलाच नाही. रिन्सलेस वॉश वरच्या पृष्ठभागासाठीच आहे, तळाला त्याचा उपयोग नाही.

पण "खालून धुवा" म्हणजे पाइप लावून अर्धा तास असंही नाही ना? बागेचा पाइप मिनिटाला सहज १०-१५ लिटर ओततो. मीठ पाण्यात पटकन विरघळतं, त्याला जोर लागत नाही, पाणी फक्त तिथवर पोचावं लागतं. ५ लिटरच्या हातपंपाने नळी-नळीने, फट-फट शोधून मारलं, पाच मिनिटं थांबलं आणि पुन्हा एकदा मारलं तर? एकदा पाच लिटर ओतण्यापेक्षा अडीच-अडीच लिटर दोनदा मारलेलं बरं. पहिल्या वेळी मीठ विरघळेल, दुसऱ्या वेळी ते वाहून जाईल.

किनारा | १० एप्रिल, सकाळी १०:४०

हो, हे चालेल. मी तीनदा मारायला सांगेन, कारण महिना झालाय. आणि खाली पडणारं पाणी जिभेच्या टोकाला लावायचा मोह होईल, तो टाळा, त्यात तेल-ग्रीस असतं. टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजतो तो) असेल तर शेवटचं ठिबकणारं पाणी वाटीत धरून मोजा. आत घातलेल्या पाण्याच्या जवळपास आकडा आला की मीठ गेलं.

एक सूचना किनाऱ्यालगतच्या सगळ्यांना. एप्रिल-मेमध्ये आमच्याकडच्या काही विहिरी मचूळ होतात. तसल्या पाण्याने धुणं म्हणजे पातळ खारं पाणी मारणं. आधी मोजा.

फेरीबोट | १० एप्रिल, दुपारी ४:२०

पाण्याचा एक सोपा साठा सुचवतो. पणजीत आमच्या सोसायटीत पाइपने गाडी धुवायला बंदी आहे, म्हणून मी एसीचं पाणी साठवतो. दीड टनाचा एसी रात्रभर चालला की आपल्या दमट हवेत बादली जवळपास भरते. ते हवेतल्या बाष्पाचंच पाणी, त्यात क्षार जवळजवळ नसतात. माझ्या मीटरवर २० च्या आत असतं. क्षार नसल्यामुळे वाळल्यावर पांढरे ठिपके राहत नाहीत, आणि किनारा यांनी सांगितलेल्या तळाच्या धुण्याला याहून चांगलं पाणी नाही.

पातळ कापडातून गाळून घ्या, कारण एसीच्या ट्रेमधला शेवाळासारखा बुळबुळीत गाळ येतो. पिंपाला झाकण ठेवा, डास होतात. पिण्याला नाही आणि इन्व्हर्टरच्या बॅटरीतही नाही, तिथे विकतचं डिस्टिल्डच.

मूळचा अलिबागकर | ११ एप्रिल, सकाळी ९:३०

धागा वाचून फार बरं वाटलं. मी आता मडगावला असतो, मूळचा अलिबागचा. आमच्या कार्लेखिंडीत चिंकारा रोडस्टर हाताने बनायची: सेव्हनच्याच वळणाची, फायबरची बॉडी, १.८ लिटरचं इसुझू इंजिन. शाळेत असताना ती रस्त्यावरून जाताना बघायला आम्ही सायकली थांबवायचो. तेव्हापासून या जातीच्या गाड्यांवर जीव आहे.

मूळ लोटस सेव्हन १९५७ ची. लोटसचा संस्थापक कॉलिन चॅपमनने ती सुट्या भागांतही विकली, कारण इंग्लंडमध्ये तेव्हा तयार गाडीवर खरेदी कर लागायचा आणि सुट्या भागांवर नाही. १९७३ मध्ये तिचे हक्क कॅटरहॅम कंपनीकडे गेले. चॅपमनला हवा होता हलकेपणा, त्यामुळे झाकणं, अस्तरं, जास्तीचे पत्रे असं काहीच नाही. हाच उघडेपणा साफसफाईत आपल्या कामाला येतो. साध्या गाडीत जो सांगाडा दिसतही नाही, तो इथे हाताने पुसता येतो.

माझी भर एवढीच: फवाऱ्याच्या आधी ब्लोअर. सुतार किंवा एसी दुरुस्तीवाले वापरतात तो छोटा विजेचा ब्लोअर, हातभर अंतरावरून, वरून खाली. सुटी धूळ स्पर्श न करता उडते. ब्रेककडे तोंड करू नका, ते गॅरेजवाल्यांनी सांगितलंच आहे. डोळ्यांवर चष्मा, नाकावर मास्क, आणि शेजारच्यांचे कपडे दोरीवर नाहीत ना हे बघून.

साखळीकर | १४ एप्रिल, सकाळी ११:२५

काल आणि आज मिळून सगळं केलं. मोजूनमापून लिहितो, कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

काल सकाळी सव्वासहाला ब्लोअर मागून आणला. निम्मी धूळ त्यानेच गेली. बॅटरी बंद, फिल्टरला पिशवी, चिंधीला चावी. वरचं सगळं काम ७ लिटरात झालं, फवाऱ्याचं धरून. नऊ टॉवेल लागले. बादलीत शेवटी जे पाणी उरलं ते स्वच्छ होतं, तळाला गाळ नव्हता. नवा चरा एकही नाही. मी आणि चुलतभावाने मोबाइलचा टॉर्च तिरका धरून दोनदा तपासलं.

टॉवेल धुवायला आणखी एक बादली गेली, ती मी हिशेबात धरतोय. ते पाणी माडाला घातलं नाही, साबण होता.

पेल्याचा प्रयोगही केला. बॉनेट अ‍ॅल्युमिनियमचं, रंगवलेलं: त्याचा गाळ तासाभरात खाली बसला, बोटाला खरखरला. माती. डाव्या मडगार्डचं पाणी संध्याकाळपर्यंत गुलाबीच. उजव्या मडगार्डचं जवळजवळ निवळलं. नंतर लक्षात आलं, शेडमध्ये डावी बाजू पश्चिमेकडे आहे आणि तिथला पत्रा वर्षभरापूर्वी उडाला होता. दुपारनंतरचं सगळं ऊन त्याच मडगार्डवर. खलाशी काका, अगदी तुम्ही म्हणालात तसंच. मडगार्ड पॉलिश करून वॅक्स लावलं आणि शेडचा पत्राही बसवला.

आज तळ. स्टँडवर चढवून बहिणीकडून आणलेलं एसीचं पाणी, तीनदा, एकूण ६ लिटर. मीटरवर आत घातलेलं १८. पहिल्या वेळी ठिबकलेलं ९०० च्या वर, दुसऱ्या वेळी २१०, तिसऱ्या वेळी ६०. हा आकडा बघून अंगावर काटा आला. महिनाभर हे सगळं फटीत होतं. किनारा, तुम्ही आग्रह धरला नसता तर मी बॉनेट बघूनच खूश झालो असतो.

आता एक नवी चिंता. पत्रे साफ झाल्यावर बाजूच्या ओळीत आठ-दहा रिव्हेटच्या मधोमध तपकिरी ठिपका दिसतोय आणि त्यातून खाली ओघळ. रिव्हेट तर अ‍ॅल्युमिनियमचे घेतले होते. अ‍ॅल्युमिनियमला गंज कसा?

खलाशी | १४ एप्रिल, दुपारी १२:५०

अ‍ॅल्युमिनियमला नाही आला. पॉप रिव्हेट ओढताना त्याच्यातला खिळा तुटतो आणि त्याचं डोकं आतच राहतं. स्वस्त रिव्हेटमध्ये बाहेरचं अंग अ‍ॅल्युमिनियमचं आणि खिळा लोखंडाचा असतो. गंजलाय तो खिळा. होड्यांवर हे रोज बघायचो.

ओघळ जुना नसेल तर पॉलिशनेच निघेल. बाथरूमचं आम्ल लावू नका, अ‍ॅल्युमिनियम काळं पडेल. धुण्याचा सोडाही नको. ठिपका असलेल्या प्रत्येक रिव्हेटचं भोक बारीक ब्रशने साफ करा, दिवसभर उन्हात वाळू द्या आणि पारदर्शक पॉलियुरेथेन सीलंटचा टिपका घालून बंद करा. पाऊस लागायच्या आत व्हायला हवं, तुमच्या हातात दीड महिना आहे. पुढे जे रिव्हेट बदलाल ते खिळ्यासकट पूर्ण अ‍ॅल्युमिनियमचे मागून घ्या, आणि पत्रा नळीवर बसवताना मध्ये सीलंटचा थर घाला, म्हणजे दोन धातू एकमेकांना टेकणार नाहीत.

जो रिव्हेट बोटाने दाबल्यावर हलतो तो सीलंटने झाकू नका. तो काढून नवाच घाला.

साखळीकर | १४ एप्रिल, रात्री ९:१०

दोन हलतात. दोन्ही ड्रायव्हरच्या बाजूचे, पायापाशी. रविवारी काढतो. बाकीचे उद्यापासून रोज तीन-तीन करत जातो.

शेडच्या नव्या पत्र्याला पन्हळ आणि खाली हजार लिटरचं पिंप लावायचं ठरलंय, जाळीच्या झाकणासकट. शेडचं छप्पर २० चौरस मीटर आहे आणि एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. ५० मिलिमीटरच्या एका पावसात पिंप भरतं, आणि तसे पाऊस आपल्याकडे जूनमध्येच कितीतरी होतात. तळ धुवायचं पाणी पुढच्या उन्हाळ्यात बहिणीकडून आणावं लागणार नाही.